'होतो' कुठं गेलं?

माझ्या कपाटात एक लांबट वही आहे. किराणा दुकानात उधारी मांडायला वापरतात तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात उधारीच मांडलीय म्हणा ना. २००१ च्या पावसाळ्यापासून निवृत्त होईपर्यंत मी ती लिहीत होते. डाव्या रकान्यात मुलांनी लिहिलेलं किंवा बोललेलं इंग्रजी वाक्य, जसंच्या तसं. उजव्या रकान्यात ते वाक्य कुठल्या मराठी वाक्यातून उगवलं असेल, याचा माझा अंदाज. पुष्कळ ठिकाणी उजवा रकाना रिकामा आहे.

यंदा माझ्या भाचीने बी.एड. करायचं ठरवलं. बी.ए.ला स्पेशल इंग्रजी, फर्स्ट क्लास. मेथड, म्हणजे शिकवायला शिकण्याचा विषय, अर्थातच इंग्रजी. सीईटी देऊन झाली तेव्हा ती सुट्टीला म्हणून माझ्याकडे फलटणला आली, ती कॉलेज सुरू होईपर्यंतच्या तयारीची यादी घेऊनच. व्याकरणासाठी रेन आणि मार्टिन. बोलण्यासाठी दोन महिन्यांचा क्लास. उच्चारांसाठी मोबाइलवर कुणा ब्रिटिश बाईंचे व्हिडिओ. 'डेव्हलप' हा शब्द आपण आयुष्यभर पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणत आलो, तो खरा दुसऱ्यावर आहे, हे तिला त्या बाईंकडून कळलं होतं. दिवसभर ती 'डिव्हेलप, डिव्हेलप' करत घरात फिरत होती.

"मावशी, आधी माझं इंग्रजी पक्कं व्हायला पाहिजे. मुलांनी काही विचारलं आणि नाही आलं तर?"

मी म्हटलं, "ठीक. मी नववीतला मुलगा. सांग, 'द' कधी लावायचा?"

तिने व्याख्या सांगितली. निश्चित वस्तूच्या आधी. मी विचारलं, "निश्चित म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे, कुठली ते आपल्याला माहीत असतं तेव्हा." मी म्हटलं, "बाई, मला तर माझं दप्तर कुठलं ते माहीत आहे, मग 'द माय बॅग' का नाही?" ती हसली आणि गप्प बसली. हॅम्लेटवर दहा मार्कांचं उत्तर ती झोपेतसुद्धा लिहील. पण ज्या भाषेत 'द'च्या जागी काहीच नसतं, त्या भाषेतून आलेल्या मुलाला 'द'ची गरज का भासावी, हा प्रश्न बी.ए.च्या तीन वर्षांत तिला कुणी विचारला नव्हता. मलाही विचारला नव्हता.

माझी गोष्ट सांगते. १९९३-९४ ला मी बी.एड. केलं तेव्हा ते एका वर्षाचं होतं. दोन मेथड असत, माझ्या इंग्रजी आणि इतिहास. कॉलेज मराठी माध्यमाचं. शैक्षणिक मानसशास्त्र, व्यवस्थापन, मूल्यमापन सगळं मराठीत, आणि इंग्रजीच्या मेथडचा पेपर तेवढा इंग्रजीत. १९९५ च्या जूनमध्ये नोकरीला लागले. सातव्या वर्षी आठवीच्या एका मुलाने निबंधात लिहिलं, 'आय वॉज वेंट टू मार्केट.' मी लाल शाईने 'वॉज' खोडलं. पुढच्या वहीत पुन्हा तेच. पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा त्याला उभं केलं. तो मुलगा उद्धट नव्हता. खाली मान घालून त्याने विचारलं, "बाई, 'मी बाजारात गेलो होतो', यातलं 'होतो' मग कुठं गेलं?"

मला उत्तर आलं नाही. मी त्याला "खाली बस, पाठ कर" म्हटलं. वर्ग हसला, आणि तो मुलगा त्यानंतर माझ्या तासाला कधी बोलला नाही. उत्तर घरी येऊन सापडलं, रात्री भाकरी थापताना. 'होतो'चं इंग्रजी त्याला मीच 'वॉज' म्हणून शिकवलं होतं. 'गेलो'चं 'वेंट'ही मीच शिकवलं. त्याने दोन्ही इमानदारीने शेजारी ठेवले. त्याच्या मराठी वाक्याचा नेमका अर्थ इंग्रजीत 'हॅड गॉन'च्या जवळ जातो, आणि बहुतेक वेळा साध्या 'वेंट'नेही भागतं. हे मला त्या दिवशी वर्गात सांगता आलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. वही दुसऱ्या दिवशी आणली.

भाचीच्या तयारीसाठी मी ती वही तिच्या हातात दिली. रेन आणि मार्टिन राहू दे म्हटलं, वाईट पुस्तक नाही ते. पण आधी ही.

पहिल्या वीस पानांतच तिला एक टोळी सापडली. 'माय हाऊस इज टू डोअर.' 'टू मी टू ब्रदर्स.' 'नियर मी नो पेन.' तिघा वेगवेगळ्या मुलांची, वेगवेगळ्या सालातली वाक्यं. आपण म्हणतो, घराला दोन दारं आहेत. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे पेन नाही, किंवा माझ्याजवळ नाही. इंग्रजीने या सगळ्यांवर 'हॅव' हे एकच क्रियापद बसवलंय. मराठीला असं क्रियापदच नाही, आपल्याकडे वस्तू नुसती 'असते', आणि ती कुणाची हे नामाला लागलेल्या प्रत्ययावरून किंवा शब्दयोगी अव्ययावरून ठरतं. नाती 'मला', वस्तू 'माझ्याकडे', घराचे अवयव 'घराला'. आपल्या बोलण्यात एवढी बारीक वर्गवारी आहे, याचा पत्ता मला इंग्रजीची शिक्षिका झाल्यावर लागला. मुलगा चुकतो तेव्हा तो ही वर्गवारी इंग्रजीत शोधत असतो.

दुसरी टोळी जास्त गमतीची. 'बाय राजू मँगो ईट.' आता 'राजूने आंबा खाल्ला' या वाक्यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं; चिंच असती तर 'खाल्ली'. मराठी व्याकरणात आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो, आणि मराठीच्या तासाला सातवी-आठवीत पाठही करतो. मग इंग्रजीच्या तासाला पॅसिव्ह व्हॉइस आला की आमचे लोक सरळ सांगून मोकळे होतात, "हाच आपला कर्मणी." तो तसा नाही. 'राजूने आंबा खाल्ला' ही आपली रोजची, साधी, सरळ भूतकाळी बोलण्याची रीत आहे. त्यात राजू मागे पडत नाही. इंग्रजी पॅसिव्हमध्ये तो मुद्दाम मागे ढकललेला असतो. मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली लिहिलं. तो जाड ग्रंथ मी बी.एड.नंतर तब्बल आठ वर्षांनी, तेही इंग्रजी शिकवता यावं म्हणून, पहिल्यांदा उघडला. भाचीच्या यादीत मी तो सगळ्यात वर लिहिला. तिने डोळे मोठे केले. "इंग्रजीच्या बी.एड.साठी मराठी व्याकरण?"

तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, प्रश्न वेगळाच होता. एका वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं कशाला केलं? खर्च वाढला, लग्न लांबलं. तिला मी फोनवर जे सांगितलं ते थोडक्यात असं. ही कथा आपल्याच राज्यात सुरू झाली. महाराष्ट्रातल्या डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला, आणि २०१२ च्या त्याच्या अहवालात शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजांचं जे चित्र निघालं ते काही शोभादायक नव्हतं. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली नवे नियम काढले आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. दुसऱ्या वर्षात सोळा आठवडे शाळेत आंतरवासिता. पदव्युत्तर किंवा चार वर्षांची पदवी झालेल्यांसाठी पुन्हा एक वर्षाचं बी.एड. आणण्याचा मसुदा २०२५ मध्ये आला आहे. बहिणीला यातला मसुदा तेवढा आवडला.

मला विचाराल तर ते सोळा आठवडे हीच दोन वर्षांची खरी कमाई आहे. आमच्या वेळी पाठ देऊन आम्ही पाहुण्यासारखे परत यायचो. शाळेतल्या बाई मागच्या बाकावर बसून स्वेटर विणायच्या, शेवटी सही करायच्या.

प्रवेशपरीक्षेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १०० प्रश्न, ९० मिनिटं. बुद्धिमापनाचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३०, शिक्षक अभियोग्यतेचे ३०. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजला जायचं असेल तर इंग्रजीची ५० प्रश्नांची वेगळी चाचणी. मराठी माध्यमाच्या कॉलेजात इंग्रजीची मेथड घेणाऱ्याला ती लागत नाही, म्हणजे इंग्रजीचा एकही प्रश्न न सोडवता इंग्रजीच्या शिक्षकपदाच्या रांगेत उभं राहता येतं. अभियोग्यतेचे प्रश्न मला फार आवडतात. वर्गात मुलगा सतत बडबड करतो, तुम्ही काय कराल? चार पर्यायांतला एक इतका सात्त्विक असतो की तोच उत्तर असणार, हे बडबडणाऱ्या मुलालासुद्धा कळावं. मग दाखल्यांचा फेरा. डोमिसाईल, उत्पन्न, नॉन-क्रीमी लेयर, टीसी. सेतू केंद्रातली दोन उन्हाळी दुपारं त्यातच गेली.

निकाल लागेपर्यंत मी तिला जवळच्या एका गावातल्या शाळेत नेलं. मराठी माध्यम, अनुदानित, नववीच्या वर्गात बावन्न मुलं. तिथल्या सरांनी आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलं. सर चांगले आहेत, वर्गात नुसते उभे राहिले तरी शांतता होते. मराठी माध्यमाला इंग्रजी ही तृतीय भाषा. दहावीला लेखी ८०, तोंडी आणि इतर २०. लेखीतला एक तुकडा मला फार जवळचा वाटतो, भाषांतराचा. काही शब्द, दोन वाक्यं आणि एक म्हण इंग्रजीतून आपल्या भाषेत आणायची. पाचच गुणांचा आहे आणि म्हणून शिकवण्यात शेवटी ढकलला जातो. वास्तविक दोन भाषा अधिकृतपणे एकमेकींसमोर बसतात ती त्या पेपरातली एवढीच जागा.

तासाला भाची सरांकडे पाहत होती. मी तिला कोपराने ढोसलं आणि शेजारच्या बाकाकडे खुणावलं. तिथे एक मुलगी पुस्तकातल्या धड्यावर बारीक पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहीत होती. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर. 'अबाऊट'. 'कम्फर्टेबल'. 'व्हेरी'. सरांनी वाचायला उठवलं तेव्हा तिने इंग्रजी वाचलंच नाही. तिने वरची पेन्सिलची ओळ वाचली, सफाईने, न अडखळता. सर म्हणाले, "गुड." मुलगी बसली आणि तिने खालच्या ओळीकडे पुन्हा पाहिलंही नाही.

बाहेर आल्यावर भाची बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मीपण सातवीपर्यंत असंच करायचे." आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० साली राज्याने ते पहिलीपासून केलं. भाचीची पिढी त्यानंतरची. वर्षं वाढली तरी वहीतल्या चुकांची घराणी बदलली नाहीत, असं माझं निरीक्षण. बदलली ती भीती. आमच्या वेळी ती पाचवीत एकदम अंगावर यायची. आता मुलांना भीती वाटेनाशी झालीय, पण पेन्सिल काही सुटत नाही.

त्या संध्याकाळी मी तिला एक नाव सांगितलं, मायकेल वेस्ट. हा इंग्रज माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालात शिक्षण खात्यात होता. तिथल्या मुलांना इंग्रजी बोलण्याची संधी फारशी मिळणार नाही, मात्र वाचून ती जगाशी जोडली जातील, असं त्याचं म्हणणं. म्हणून आधी वाचन, तेही मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांत. पुढे १९५३ साली त्याने सुमारे २००० शब्दांची यादी छापली, ती जगभर वापरली गेली. ती यादी हाताशी ठेव म्हटलं. आपल्या धड्यातला कुठला शब्द मुलाला आयुष्यभर लागणार आहे आणि कुठला त्या धड्यापुरता आहे, एवढं कळलं तरी तासातली दहा मिनिटं वाचतात. आमचे लोक फळ्यावर कठीण शब्द लिहितात आणि सोपे, शंभरदा येणारे, सोडून देतात.

जुलैत ती ज्या कॉलेजात जाणार होती तिथल्या एका बाईंनी, माझ्या ओळखीच्या, आम्हाला दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलू दिलं. त्यांनी सूक्ष्म अध्यापनाचं जे वर्णन केलं ते ऐकून भाचीची हसून पुरेवाट झाली. सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य. सज्जता प्रवर्तन, प्रबलन, चेतक बदल, फलकलेखन, प्रश्न विचारणं. समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच वर्गातले सहा-सात जण, आठवीतली मुलं असल्याचा आव आणून. त्यात एक दोन लेकरांची आई, एक बँकेची परीक्षा देणारा दादा. "टीचर, टीचर" करत हात वर करायचे. सहा मिनिटं शिकवणं, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटांत पुन्हा आखणी, सहा मिनिटं पुन्हा शिकवणं, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. एकूण छत्तीस. हे तंत्र १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला निघालं, आणि आपल्याकडे बडोद्याच्या विद्यापीठात त्याला भारतीय वळण मिळालं. मग सेतुपाठ, मग खऱ्या वर्गावरचे पाठ, आणि प्रत्येकाचं पाठ टाचण.

मी या तंत्राची टिंगल करणाऱ्यांतली नाही. वर्गाकडे पाठ न करता फळ्यावर लिहिणं मला सूक्ष्म पाठानेच शिकवलं. पण त्यातल्या खोट्या विद्यार्थ्यांची एक अडचण आहे, ते बरोबर जागी चुकत नाहीत. 'वॉज वेंट' म्हणून दाखव असं सांगितलं तर म्हणतील, पण 'होतो कुठं गेलं' हे त्यांच्या तोंडून येणार नाही. मी त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना वही दाखवली. एकीने विचारलं, "बाई, झेरॉक्स काढू का?" काढली.

नोकरीचं काय, हे विचारणारे भेटतातच, आणि त्यांचं चुकत नाही. २०१२ च्या मे महिन्यात राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली, ती बराच काळ टिकली. मग पवित्र पोर्टल आणि टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ती २०१७ ला पहिल्यांदा झाली, नंतर थेट २०२३ ला, आणि मग २०२५ ला. २०० प्रश्न, दोन तास. निवड झाली की तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला पूर्वी महिना ८,००० मिळायचे, २०२३ पासून १८,००० झाले. पोर्टलच्या आधीच्या काळात मी एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. पाठ घे म्हणाले नाहीत, इंग्रजीत एक वाक्य बोलायला लावलं नाही. वडील काय करतात आणि शेती किती, एवढंच विचारलं. पोर्टलला शिव्या देणाऱ्यांना मी हे आठवणीने सांगते. भाचीला मी नोकरीचं आश्वासन दिलं नाही, देणार कुठून.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिला बेंगळुरूच्या प्रयोगाबद्दल सांगत होते. एन. एस. प्रभू नावाच्या गृहस्थांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही साध्या शाळांमध्ये व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांसमोर कोडी ठेवली. हा नकाशा, या गावाहून त्या गावी कसं जाल? हे रेल्वेचं वेळापत्रक, दुपारी दोनच्या आत पोचायचं तर कुठली गाडी? मुलांचं डोकं उत्तरात गुंतलं की भाषा मागून येते, असा त्यांचा विचार. बसलेल्या जागी वाक्यरचना घोकण्याला कंटाळलेल्या जगभरच्या शिक्षकांनी तो उचलला. या प्रयोगावर वादही झाले, आणि परीक्षेच्या पेपरात त्याला जागा कशी द्यायची हा प्रश्न तर आजही अवघड आहे.

"आपल्याकडे रेल्वे कुठे सगळ्यांना माहीत असते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला स्टँडवर गेले. गाडीला वेळ होता. ती पाण्याची बाटली माझ्याकडे देऊन समोरच्या वेळापत्रकाच्या फळ्याशी गेली आणि वहीत, म्हणजे त्याच लाल वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर, गाड्या उतरवायला लागली. स्वारगेट, सातारा, बारामती, पंढरपूर. निम्म्या वेळा पुसट, काहींवर नवा रंग मारून वेळ बदललेली. दोन शाळकरी मुलं तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने त्यांना इंग्रजीतून विचारलं, पंढरपूरची शेवटची गाडी कुठली? मोठा म्हणाला, "लास्ट बस इज सेव्हन थर्टी." धाकट्याने मान हलवली. "ती बंद झाली. इट वॉज... " आणि तो अडला, भाचीकडे बघत, पुढचा शब्द शोधत. ती काही बोलली नाही. पेन बंद करून थांबली.

नियंत्रकांनी तिच्या गाडीची घोषणा केली. मी हाक मारली. तिने हातानेच थांब म्हणून खुणावलं.